गोराईच्या टेकडीशेजारची जमीन

हे घाईने वाचू नका. मधे थांबावंसं वाटलं तर थांबा, डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. आपल्याला एका जागेकडे नीट पाहायचं आहे. पहिल्या नजरेत तिथे पाहण्यासारखं काही सापडत नाही, म्हणूनच वेळ घ्यायचा.

मनाने बोरिवली पश्चिमेला या. गोराई खाडीच्या काठावर, पॅगोडाकडे जाणाऱ्या बोटी जिथून सुटतात त्या जेट्टीच्या आसपास उभे राहा. समोर खाडीचं गढूळ पाणी आहे, पलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट आहे, काठाने तिवरांची दाट हिरवी रांग आहे. आणि अलीकडे, वस्तीच्या बाजूला, एक गवताळ टेकडी आहे. तिचे उतार एकसारखे, मापाने काढल्यासारखे. इथला निसर्ग अशी टेकडी घडवत नाही. ही माणसांनी घडवली आहे.

१९७२ पासून २००७ पर्यंत इथे मुंबईचा कचरा पडत होता. सुमारे २० हेक्टर जागा, सुमारे २३ लाख टन कचरा. ढिगाची उंची २६ मीटरच्या आसपास गेली होती, म्हणजे आठ मजल्यांइतकी. नंतर पालिकेने हे डंपिंग ग्राउंड शास्त्रीय पद्धतीने बंद केलं. ढिगाला उतार दिले, वर अस्तर आणि माती घातली, गवत लावलं, आत साचणारा वायू काढण्यासाठी विहिरी खोदल्या. भारतात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे काम तोपर्यंत फारसं झालेलं नव्हतं. पालिकेला हे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं.

टेकडीकडे थोडा वेळ पाहा. मग नजर तिच्या पायथ्याशी आणा. तिथे तिवरं आहेत, चिखल आहे, भरतीचं पाणी शिरतं असे सखल तुकडे आहेत, काही ठिकाणी नुसतं रान आहे. आजचं मनन या पायथ्याच्या जमिनीवर आहे. पण तिच्याकडे जायची वाट टेकडीच्या पोटातून जाते.

आता मनाने गवताखाली उतरा. मातीचा थर ओलांडा, अस्तर ओलांडा. सगळ्यात वर २००७ सालचा कचरा असेल. प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या रिकाम्या थैल्या, थर्माकोल, कॅसेटच्या सुटलेल्या फिती. सावकाश खाली जा. जसजसे खोल जाल तसतसं प्लास्टिक कमी होईल. राख, चिंध्या, फुटक्या कपबशा, नारळाच्या करवंट्या लागतील. तळाशी सत्तरच्या दशकातली मुंबई असेल. पस्तीस वर्षांत पश्चिम उपनगरातल्या घरांनी जे जे नको म्हटलं, त्यातलं कितीतरी इथे आहे. तुम्ही बोरिवलीत किंवा कांदिवलीत वाढला असाल तर तुमच्या शाळेची फाटकी वही इथे असू शकेल. लग्नानंतर फेकलेल्या पत्रावळी, आजारपणातल्या औषधाच्या बाटल्या, गणपतीच्या मखराचा चुरा.

हे सगळं आपलं आहे, हे मनात पुरतं मुरू द्या. अपराधीपणा नको. फक्त नातं ओळखायचं आहे. आणि आणखी एक आठवण ठेवायची. या ढिगावर उन्हात उभं राहून काच, लोखंड, प्लास्टिक वेगळं काढणारे कचरावेचक होते. आपण टाकलेल्यातलं जे पुन्हा वापरात आलं, ते त्यांच्या हातांनी आलं. ढीग बंद झाला तेव्हा आजूबाजूच्या वस्तीची दुर्गंधीतून सुटका झाली, आणि त्याच दिवशी कचरावेचकांची रोजी गेली. टेकडीवरचं गवत पाहताना त्यांची आठवण राहिली पाहिजे.

आता आत काय चाललं आहे ते ऐका. गावाकडे उकिरडा फोडताना आतून वाफ निघालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावं लागणार नाही. पुरलेला कचरा निपचित पडून राहत नाही. त्यातला ओला भाग आधी हवेच्या मदतीने कुजतो. हवा संपली की हवेशिवाय जगणारे जिवाणू काम हाती घेतात. ते वर्षानुवर्षं, दशकानुदशकं काम करत राहतात. त्यांच्या कामातून जो वायू निघतो त्यात साधारण निम्मा मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू. मिथेनला वास नाही, रंग नाही. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मधे आलं की एक ठिणगी पुरते.

वर अस्तर आहे, विहिरी आहेत. पण वायूला वाट हवी असते, आणि वर वाट मिळाली नाही की तो आडवा जातो. भुसभुशीत मातीतून जातो, खडकाच्या भेगांतून जातो, जुन्या गटारांच्या आणि केबलच्या पाइपांच्या कडेने जातो. हवेचा दाब झपाट्याने उतरला की तो अधिक जोराने बाहेर येतो. खाडीकाठी तर भरतीचं पाणी जमिनीत चढलं की मातीच्या पोकळ्यांतला वायूही ढकलला जातो.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये लॉस्को नावाचं एक गाव आहे. तिथल्या एका जुन्या खाणीत कचरा भरत होते. १९८२ साली ते थांबवलं. २४ मार्च १९८६ च्या सकाळी, त्या भरावापासून साधारण ७० मीटरवरचा एक बंगला स्फोटाने कोसळला. त्या रात्री हवेचा दाब वेगाने उतरला होता. भरावातला मिथेन खडकातून सरकत बंगल्याच्या जमिनीखाली जमला आणि पेटला. घरातली तिघं जखमी झाली, पण वाचली. त्या बंगल्यात राहणाऱ्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. घर भरावावर नव्हतं, भरावाशेजारी होतं. कचरा टाकणं थांबून चार वर्षं झाली होती.

इथे थांबा. ७० मीटर मनात मोजून पाहा. तुमच्या इमारतीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जेवढं असेल, जवळपास तेवढं. आणि मुंबईत पावसाळ्याच्या तोंडाशी, समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो तेव्हा, हवेचा दाब उतरल्याची बातमी आपण किती सहज ऐकतो, तेही आठवा. गोराईत लॉस्कोसारखं होईल असं मी म्हणत नाही. जमीन वेगळी, कचरा वेगळा, बंद करण्याची पद्धत वेगळी. मी एवढंच म्हणतो की बंद झालेल्या ढिगाची हद्द त्याच्या कुंपणाशी संपत नाही.

आता पाण्याकडे वळा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आपल्याकडची जुनी डंपिंग ग्राउंड्स आजच्यासारखी तळाला अस्तर घालून बांधलेली नव्हती. सखल जागा दिसली, खाजण दिसलं, की तिथे कचऱ्याच्या गाड्या रित्या होत. वरून झाकलं तरी जुन्या ओलीचं काय? कचऱ्यातून झिरपणारं ते काळपट पाणी, ज्याला पालिकेच्या कागदात लीचेट म्हणतात, खाली आणि बाजूला सरकत राहतं. त्यात क्षार असतात, अमोनिया असतो, धातू असतात. ते जिथे पोहोचतं तिथे आधी चिखल असतो, मग तिवरं, मग खाडी, आणि खाडीत कोळ्यांची जाळी.

त्या चिखलाकडे आता जरा जिव्हाळ्याने पाहा. ओहोटीला तो उघडा पडतो तेव्हा निवट्या त्यावर उड्या मारताना दिसतात. चिंबोऱ्यांची बिळं दिसतात. तिवरांची बोटाएवढी मुळं चिखलातून वर डोकावतात, कारण त्या चिखलात हवा नसते आणि झाडाला श्वास तर घ्यायचा असतो. बगळे एका पायावर उभे असतात, खंड्या एखाद्या वाळक्या फांदीवरून पाण्यावर झेपावतो. ही मुळं आणि हा चिखल पाण्यातला गाळ धरून ठेवतात, गाळाबरोबर पुष्कळसे धातूही तिथेच अडकतात. टेकडीतून जे निसटतं, त्याला खाडीत जायच्या आधी अडवणारं बिनपगारी खातं म्हणजे हा पट्टा. त्याचं काम कुठल्याही अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते.

२६ जुलै २००५ मनात आणा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, घरी कसे पोहोचलात, हे मुंबईच्या प्रत्येक माणसाला आठवतं. त्या दिवशी पाण्याला जायला जागा हवी होती, आणि खाजणं, मिठागरं, तिवरांची रानं बुजवून आपण ती जागा कमी केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम थांबवलं. २०१८ च्या अंतिम निकालाने ते संरक्षण पक्कं केलं. गोराईच्या पायथ्याची बरीचशी जमीन आज जी तग धरून आहे, तिच्यामागे असे निकाल आहेत आणि ते निकाल मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेली माणसं आहेत.

पण सगळीच मोकळी जमीन कांदळवन नसते. ढिगाशेजारी नुसत्या गवताचे, बाभळी-सुबाभळीचे, कुणी न जपलेले तुकडेही असतात. त्यांच्या बाजूने कोर्टाचा निकाल नसतो. त्यांच्याकडे पाहताना नकाशा घेऊन बसलेला माणूस काय पाहतो? रस्त्याला लागून असलेली जागा, मेट्रोपासूनचं अंतर, चटईक्षेत्र. त्यालाही दोष देऊन भागणार नाही, कारण शहराला घरं हवी आहेत हे खोटं नाही. मुंबईत एका खोलीत सहा-सात माणसं राहतात आणि मी इथे गवताचे गुण गातो आहे, हा प्रश्न मनात येऊ द्या. तो टाळून हे मनन पुढे नेता येत नाही.

तो प्रश्न धरूनच मालाडला जाऊ. चिंचोली बंदरचं डंपिंग ग्राउंड बंद झालं आणि थोड्याच वर्षांत तिथे काचेच्या मोठमोठ्या कार्यालयांची वसाहत उभी राहिली. पुढे तिथल्या कार्यालयांत विचित्र तक्रारी येऊ लागल्या. संगणक आणि सर्व्हर वारंवार बिघडत, त्यांतले तांब्याचे भाग काळे पडून गंजत. माणसांना डोकं दुखण्याचा, मळमळण्याचा त्रास होई. जमिनीतून वर येणाऱ्या वायूंकडे बोट दाखवलं गेलं. वर्तमानपत्रांनी ते छापलं, तज्ज्ञ बोलावले गेले, हवा गाळणारी यंत्रं बसली. त्या इमारती आजही गजबजलेल्या आहेत. कंपनीकडे पैसे असतात, ती यंत्र विकत घेऊ शकते. तिथे रात्रपाळीला बसणाऱ्या मुलामुलींच्या छातीत काय गेलं, त्याचा हिशेब मात्र कुणी मांडला?

आणि घरांचा प्रश्न पुढे करून अशा जागी घरं बांधली जातात तेव्हा तिथे कोण राहायला जातं, हे स्वतःला विचारा. गोराई-चारकोपचे छोटे भूखंड १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखले गेले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी तिथे पै-पै जोडून घरं बांधली आणि त्याच वेळी शेजारी ढीग चढत होता. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. तिथल्या ढिगाभोवती शहरातली सगळ्यात गरीब वस्ती आहे. २०१६ च्या जानेवारीत तो ढीग पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. शेजारच्या मुलांना तो दिवसचे दिवस श्वासातून घ्यावा लागला. आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने याच देवनारची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. कचरा आधी काढू, जमीन शुद्ध करू, मग बांधू, असं सांगितलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना निवड करता येत नाही, त्यांनाच नेहमी ढिगाशेजारी घर मिळत असेल, तर त्याला घरांचा प्रश्न सोडवणं म्हणता येत नाही. गरिबाला घर हवं असतं, आणि तितकीच त्याला दम न लागता झोप हवी असते.

एक दीर्घ श्वास घ्या. मग वेळेबद्दल विचार करू.

घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांत लिहिलं होतं, आणि २०१६ च्या नियमांत पुन्हा आलं, की बंद केलेल्या भरावाची १५ वर्षं देखरेख करायची. त्यानंतरसुद्धा वायू आणि झिरपणारं पाणी ठरलेल्या मर्यादेत आहे, जमीन स्थिर आहे, याची खात्री झाली तरच तिथे वस्तीचा विचार करता येईल. कचऱ्याच्या जागेभोवती विकासबंदीचा पट्टा राखण्याची तरतूदही २०१६ च्या नियमांत होती. आता बोटांवर मोजा. गोराई २००७ मध्ये बंद झाली, झाकण्याचं काम त्यापुढच्या एक-दोन वर्षांतलं. म्हणजे १५ वर्षं नुकतीच पुरी झाली आहेत. अशा वेळी फायली हलू लागतात. ‘मुदत संपली’ असं कुणीतरी म्हणतं. पण मुदत संपली ती कागदावरची. जिवाणूंना हा नियम कुणी वाचून दाखवलेला नाही. ढीग अजून खचतो आहे, कुठे कमी, कुठे जास्त. वायू पहिल्यापेक्षा कमी झाला असेल, संपलेला नसेल. १५ वर्षं ही पाहणीची किमान अट आहे. तिला परवानगीपत्र समजणं ही फसवणूक होईल.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची फ्रेश किल्स ही जगातल्या सर्वांत मोठ्या कचराभूमींपैकी एक होती. १९४८ मध्ये सुरू झाली, २००१ मध्ये बंद झाली. सुमारे २,२०० एकर जागा, तीही खाडीच्या कडेची. न्यूयॉर्कमध्ये जमिनीला मुंबईपेक्षा कमी भाव नाही. तरी त्या शहराने ती जागा उद्यानासाठी ठेवली, आणि ते उद्यान सावकाश, तुकड्या-तुकड्याने खुलं करायचं ठरवलं. कचराभूमीच्या आतला पहिला २१ एकरांचा भाग लोकांसाठी उघडायला २०२३ साल उजाडलं. मधल्या बावीस वर्षांत तिथल्या गवताळ उतारांवर दुर्मिळ झालेल्या गवतचिमण्यांनी घरटी केली. एवढ्या श्रीमंत, एवढ्या घाईतल्या शहराला बावीस वर्षं थांबता आलं. मग आपल्याला का येणार नाही?

आता पुन्हा गोराईच्या पायथ्याशी या. टेकडी आतून काम करते आहे, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. तिच्या भोवतीची मोकळी जमीन तिच्या वायूला पांगायला जागा देते, तिच्या पाण्याला अडवते, भरतीला सामावून घेते, आणि माणसांना त्या सगळ्यापासून काही मीटर लांब ठेवते. उद्या टेकडी पुन्हा उघडावी लागली, विहिरी वाढवाव्या लागल्या, चर खणावे लागले, तर यंत्रं उभी राहतील तीही याच जमिनीवर. शेजारी घरं आली की दुरुस्तीची वाटच बंद होते. म्हणून मला टेकडी आणि तिची शेजारची जमीन वेगळी मोजता येत नाही. टेकडी जोवर शांत झालेली नाही तोवर तिच्या शेजारची जमीन मोकळीच राहिली पाहिजे. आणि टेकडी शांत झाली आहे की नाही, हे बिल्डरच्या किंवा नगरसेवकाच्या सांगण्यावरून ठरू नये. ते विहिरीतल्या मोजमापांवरून ठरावं, आणि ती मोजमापं लोकांना वाचायला मिळावीत.

तुमच्या गावातही अशी एखादी टेकडी असेल. पुण्यात कोथरूडचा जुना कचरा डेपो होता, आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. मुलुंडचं डंपिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झालं. लहान नगरपालिकांच्या वेशीवरही अशा बंद पडलेल्या, विसरलेल्या जागा आहेत, आणि प्रत्येकीच्या शेजारी कुणाची तरी नजर असलेली मोकळी जमीन आहे. एकदा तिथे जा. कुंपण पाहा, उतार पाहा, पावसात कुठून पाणी बाहेर पडतं ते पाहा, तिथे कोण राहतं त्यांच्याशी बोला.

मग विकास आराखडा काढा आणि त्या जमिनीवर काय आरक्षण आहे ते शोधा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आरक्षण बदलायचं असेल तर आधी राजपत्रात सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी एक महिना मिळतो. हरकत नोंदवायला वकील लागत नाही. साध्या मराठीत लिहा, सर्व्हे नंबर घाला, ही जमीन कुठल्या बंद कचराभूमीला लागून आहे ते लिहा, वायूची आणि पाण्याची मोजमापं मागा, शेवटी सही करा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.